सतरा ठिकाणी वजन

आत्याचं टेबल नगरपालिकेच्या कचेरीत जिन्याखाली होतं. टेबल म्हणायचं ते कौतुकानं, कारण त्याच्या एका पायाखाली कायम पुठ्ठ्याची घडी असे. वर टाइपरायटर, डावीकडे कोरे कागद, उजवीकडे कार्बन आणि समोर एक स्टूल. त्या स्टुलावर बसून माणसं आपली गाऱ्हाणी सांगत आणि आत्या ती टाइप करून देई. नळजोडणी, बदली, निवृत्तिवेतन, नावातली चूक. एका गृहस्थानं तर बायको माहेरून परत यावी म्हणून थेट नगराध्यक्षांना अर्ज करवून घेतला होता.

माणसं सांगत ते आत्या जसंच्या तसं कधी टाइप करत नसे. कुणी हातवारे करून म्हणे, "लिहा बाई, या लोकांनी माझा जीव खाल्लाय," की इकडे तिची बोटं चालत: "सदर प्रकरणी झालेल्या विलंबामुळे मला अतोनात त्रास झाला आहे." विचारत बसायची तिची पद्धत नव्हती. जड शब्द टाळावेत, साहेबाला एका वाचनात कळावं, एवढा तिचा नियम. तीस वर्षं तो तिनं पाळला. "माझ्या हातचा अर्ज परत येत नाही," असं ती म्हणे तेव्हा जिन्यावरून जाणारे शिपाईसुद्धा मान डोलवत.

ती राहायची धाकट्या भावाकडे. वर घर, खाली भावाचं दुकान. भाऊ काटेवाला होता, म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारा. किराणावाल्यांचे, भंगारवाल्यांचे, औषधांच्या दुकानातले नाजूक, काचेच्या पेटीतले, सगळे काटे त्याच्याकडे आजारी होऊन येत आणि खरं बोलायला लागले की परत जात. भावजय इस्पितळात परिचारिका. आणि त्यांची एकुलती एक मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी, की भावानं तिला ओंजळीत घेऊन म्हटलं, "ही तर नुसती गुंजभर आहे!" तेव्हापासून ती गुंज. अठराव्या वर्षी बापापेक्षा दोन बोटं उंच झाली तरी गुंजच राहिली.

या गुंजला भौतिकशास्त्र शिकायचं होतं. तसं ते शिकवणारी महाविद्यालयं पुष्कळ होती. पण हिच्या मनात भरलं होतं ते दोन तासांवरच्या शहरातलं जुनं विद्यापीठ. तिथली रीत निराळी. जागा बारा. गुणपत्रिका सगळेच पाठवत, पण सोबत दोन पानं स्वतःच्या शब्दांत लिहून द्यायची: मला भौतिकशास्त्र का शिकायचं आहे? ती पानं प्राध्यापक मंडळी स्वतः वाचत आणि त्यातून तीस जणांना मुलाखतीला बोलावत. शाळा संपली त्याच वर्षी अर्ज करायचा. एकदा हुकलं की दार बंद. गुंजनं त्या दोन पानांसाठी महिनाभर खोडून खोडून वहीची जाळी केली. हुकलंच, तर काट्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून तिची जागा तोंडी ठरलेली होती. वाईट नव्हती ती. पण तिचा विषय निघाला की गुंज ताटातलं बोटानं इकडून तिकडे करत बसे.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी तिनं वही आत्याच्या हातात दिली.

"आत्या, तुझ्याशिवाय कुणाला देऊ?"

"दुसऱ्या कुणाला दिली असतीस तर घरात घेतलं नसतं," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जिन्याखाली नेमकी माणसांची रांग लागली, आणि गुंजची पानं मशीनवर चढायला दुपार झाली. अक्षर चांगलं होतं, भाषाही बरी होती. फक्त एक शब्द पुन्हा पुन्हा आडवा येत होता: वस्तुमान. आत्याला हवामान माहीत होतं, राहणीमान माहीत होतं. वस्तुमान म्हणजे वस्तूंचे भाव असावेत, असं तिला क्षणभर वाटलं. मग पुढचं वाचल्यावर ध्यानात आलं की पोरीला वजन म्हणायचंय. शाळेत शिकवलेला जड शब्द मिरवायची हौस, दुसरं काय! आत्यानं प्रेमानं हसून सगळीकडे 'वजन' केलं. सुटसुटीत. साहेबाला एका वाचनात कळेल असं.

दोघी टपालाच्या खिडकीवर पोचल्या तेव्हा कारकून शटरला हात घालत होता. "सही कर, सही कर, बंद होतंय," म्हणत आत्यानं कागद पुढे केला. गुंजनं न वाचता सही ठोकली. पाकीट गेलं.

दुसरा दिवस रविवारचा. सकाळी भाऊ दुकानात स्टुलावर बसून कार्बनची प्रत मोठ्यानं वाचत होता. लेकीचं लेखन वाचायचं म्हणून त्यानं धुतलेला सदरा घातला होता. गुंज लाजून एका पारड्याची साखळी विंचरल्यासारखी सरळ करत होती आणि आत्या दारात उभी राहून आपलं टायपिंग ऐकत होती.

"'माझ्या वडिलांच्या दुकानात दोन प्रकारचे काटे येतात,'" भाऊ वाचत होता. "वा! 'स्प्रिंगचा काटा वजन सांगतो आणि दोन पारड्यांचा काटा वजन सांगतो. हा फरक ज्या दिवशी मला कळला, त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नाही.'" तो थांबला. चष्मा वर सरकवून त्यानं ओळ पुन्हा बघितली. "ताई, इथं काहीतरी राहिलंय."

"माझ्या हातून काही राहत नाही. पुढे वाच."

"'चंद्रावर नेल्यास कोणत्याही वस्तूचं वजन सहावा हिस्सा होतं, परंतु तिचं वजन मात्र तेवढंच राहतं. वजन बदलतं, पण वजन बदलत नाही, हे मला फार सुंदर वाटतं.'"

गुंजच्या हातातली साखळी खाली सुटली.

"आत्या, वस्तुमान कुठे गेलं?"

"अगं, ते मी सोपं केलं. तू उगाच जड शब्द..." आत्याचं वाक्य तिथंच राहिलं. पोरीचा चेहरा तिनं आत्ता कुठे नीट बघितला.

"ताई, तुला टाइप करताना काहीच वाटलं नाही?" भावानं विचारलं. "वजन बदलतं पण वजन बदलत नाही?"

"वाटलं ना. पण म्हटलं, शास्त्रात असंच असेल."

भावाला हसू फुटलं ते फुटलंच. मग त्यानं लेकीकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

गुंज ओरडली नाही. ओरडली असती तर आत्याला बरं वाटलं असतं, चार शब्द तिनंही ऐकवले असते, रडारड झाली असती आणि मोकळं झालं असतं. पण पोरगी खाली वाकली, साखळी उचलून खुंटीला लावली आणि म्हणाली, "असू दे आत्या. सही करायच्या आधी मीच वाचायला हवं होतं." आणि वर निघून गेली.

त्या दिवशी आत्या जेवली नाही. दुपारी भावजय ड्यूटीवरून आली तर ही दुकानाच्या पायरीवर बसलेली.

"वन्सं, ताट तसंच झाकलेलं आहे. बरं नाही का?"

"तुमच्या मुलीचं वाटोळं केलं मी."

भावजयीनं सगळं ऐकून घेतलं. पायातल्या चपला काढून तीही शेजारी टेकली. "वाटोळं करायला अंगात धमक लागते, वन्सं. तुम्हाला नाही जमायचं ते. मी म्हणते, एवढे लोकांचे अर्ज दुरुस्त करता, तर हा एक नाही करता येणार?"

आत्यानं मान वर केली. करता येण्यासारखं होतं की! शुद्धिपत्र नावाची एक चीज होती. लोकांसाठी तिनं शेकड्यांनी टाइप केली होती. स्वतःच्या चुकीसाठी कधी वेळ आली नव्हती, म्हणून सुचली नाही, इतकंच.

तिनं जिन्यातूनच हाक मारली. "गुंजे, खाली ये. मला तो शब्द शिकव."

"कशाला आता?"

"मला न कळलेलं मी टाइप करत नाही."

"तीस वर्षं तेच करत आलीयेस," भाऊ आतून म्हणाला.

"तू तुझे स्क्रू आवळ!"

गुंज खाली आली. डोळे सुजलेले होते. दुकानाच्या मधोमध तुळईला साखळी होती आणि तिला काटे तपासायचं पन्नास किलोचं लोखंडी वजन टांगलेलं होतं, जमिनीपासून वीतभर वर.

"हे उचल," गुंज म्हणाली.

"मी? मला काय धाड भरलीय?"

"नाही ना उचलवत? कारण जमीन त्याला खाली ओढतेय. ती ओढ म्हणजे वजन. आता बघ, ती ओढ कुणी पेललीय?"

"साखळीनं."

"मग आपल्यावर काही भार नाही. आता फक्त बाजूला ढकल."

आत्यानं एका हातानं ढकललं. काही झालं नाही. दुसरा हात लावला, पदर खोचला, तेव्हा कुठे ते लोखंड आढेवेढे घेत बोटभर हललं, मग वीतभर. हलायला लागलं तशी आत्या खूश झाली. तेवढ्यात ते परत फिरलं. थांबवायला म्हणून तिनं हात आडवा धरला, तर त्यानं तिलाच एक पाऊल मागे रेटलं.

"अगंबाई! भार तर साखळीवर आहे, मग हे अडतंय कशाला? आणि हललं तर थांबत का नाही?"

"तेच!" गुंजचे सुजलेले डोळे एकदम जागे झाले. "ते जे अडतं ना, ते वस्तुमानामुळे. चंद्रावर नेलं तर ओढ कमी होईल, साखळीला आराम पडेल. पण ढकलायला इतकंच जड जाईल. अगदी इतकंच."

आत्या त्या झुलत्या लोखंडाकडे बघत राहिली. "म्हणजे वजन म्हणजे दुसऱ्यानं ओढणं. आणि वस्तुमान म्हणजे त्याचा स्वतःचा आळस."

"आळस?"

"बसलंय तर उठायचं नाही, निघालंय तर थांबायचं नाही. तुझ्या बापासारखं. चंद्रावर नेला म्हणून हा काय सकाळी लवकर उठणार आहे?"

गुंज खळखळून हसली. सकाळपासून पहिल्यांदाच. "पण आत्या, याला दुकानात सगळे वजनच म्हणतात बघ. 'ते पन्नासचं वजन आण.'"

"मग चूक माझ्या एकटीची नाही तर!"

"नाही. पण टाइप तू एकटीनं केलीस."

ते मात्र आत्याला गिळावं लागलं.

संध्याकाळी तिनं मशीन स्वयंपाकघराच्या टेबलावर मांडलं आणि शुद्धिपत्र केलं. पान अमुक, ओळ अमुक, 'वजन' ऐवजी 'वस्तुमान' वाचावे. सतरा ठिकाणं. गुंज वही धरून एकेक जागा सांगत होती, कारण काही ठिकाणी वजन हे खरोखरच वजन होतं आणि ते तसंच ठेवायचं होतं. सगळ्यात खाली आत्यानं तिला न विचारता दोन वाक्यं जोडली: "वरील चूक अर्जदाराची नसून टंकलेखिकेची आहे. सदर दोन संज्ञांतील फरक अर्जदाराने टंकलेखिकेस समजावून दिला असून तो तिला समजला आहे."

"हे कशाला?" गुंज म्हणाली. "हसतील मला."

"मला हसतील. आणि या वेळी सही करायच्या आधी वाच."

गुंजनं दोनदा वाचलं आणि सही केली.

टपालावर भरवसा न ठेवता आत्या सोमवारी पहिल्या बसनं स्वतः निघाली. जिन्याखालचं टेबल तीस वर्षांत तिसऱ्यांदा बंद राहिलं. विद्यापीठाच्या प्रवेश विभागात एक लांबलचक ओसरी होती, तिच्या टोकाला खिडकी, खिडकीत कारकून.

"मुदत शनिवारी संपली, बाई. दाखल अर्जात बदल होत नाही."

"बदल कोण मागतंय? हे शुद्धिपत्र आहे. आवक करून घ्या, शिक्का मारा, फाइलला लावा."

"घेता येणार नाही."

"बरं." आत्या जराही तापली नाही. पिशवीतून पेन काढून तिनं ते कागदावर ठेवलं आणि दोन्ही खिडकीतून आत सरकवले. "न घेण्याचं कारण याच कागदावर लिहा आणि खाली सही करा. नाव स्वच्छ अक्षरात. म्हणजे मी जाते."

कारकुनानं पेनकडे बघितलं. मग आत्याकडे. असल्या कागदावर आपण होऊन सही करणारा कारकून अजून कुठल्या कचेरीत जन्मायचा होता, आणि हे त्या दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

"तुम्ही कुठे नोकरीला आहात?"

"नोकरी नाही. नगरपालिकेत जिन्याखाली बसते."

"वाटलंच," तो म्हणाला आणि त्यानं शिक्का उचलला. आवक क्रमांक पडला. तो क्रमांक पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवून आत्या ओसरीच्या पायरीवर आली. कागद आत गेला होता, हे खरं. पण तो वाचला जाईल की नुसता फाइलीत निजेल, हे तिच्या हातात नव्हतं.

पुढचे तीन आठवडे घरात कुणी तो विषय काढला नाही. टपालवाल्याची सायकल कोपऱ्यावर वाजली की भाऊ दुकानातून बाहेर येई आणि उगाच आकाशाकडे बघत उभा राही. कारखान्याचा निरोप दोनदा आला. दोन्ही वेळा भावजयीनं "पोरीला ताप आहे" म्हणून सांगून टाकलं. "एवढा लांबलेला ताप मी इस्पितळातसुद्धा पाहिला नाही," असं वर म्हणाली. आत्या जिन्याखाली बसून माणसांना विचारायला लागली होती, "तुम्हाला हाच शब्द हवाय ना? नक्की?" माणसं बिचकत. काहींना वाटलं, बाई थकल्या.

मग एका मंगळवारी पत्र आलं. मुलाखतीचं.

आत्यालाच सोबत नेलं गुंजनं. वरच्या मजल्यावर एक लाकडी बाक होता, त्यावर दोघी बसल्या. आणखी पाचसहा मुलं होती. सगळ्यांच्या हातात जाड पुस्तकं. गुंजच्या हातात रुमाल.

दार उघडलं आणि आखूड पांढऱ्या केसांच्या एक प्राध्यापिकाबाई बाहेर आल्या. गुंजला हाक मारली, तिला आत जाऊ दिलं आणि दार धरून त्या आत्याकडे वळल्या.

"टंकलेखिका तुम्हीच का?"

आत्या उठून उभी राहिली. "हो. मुलीचा दोष नाही, बाई, चूक सगळी माझी."

"ते वाचलं मी. फरक खरंच समजलाय का?"

तुळई, साखळी, ते लोखंड, आणि एक पाऊल मागे रेटली गेलेली आपण, सगळं आत्यानं आपल्या शब्दांत सांगितलं. आळससुद्धा सांगितला, नको नको म्हणता भावाचं नावही त्यात येऊन गेलं. प्राध्यापिकाबाई दाराच्या मुठीवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत होत्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "तिला मात्र तिचंच विचारणार आहे हं आम्ही. तुमचं तिच्या खात्यात धरणार नाही."

"धरूच नका," आत्या म्हणाली.

दार लागलं. आत गेलेली बाकीची मुलं दहा मिनिटांत बाहेर येत होती, असं बाकावरचा एक मुलगा म्हणाला. दहा झाली. वीस झाली. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग फळ्यावर खडूचा, मग कुणीतरी मोठ्यानं "नाही, नाही!" म्हणालं आणि आत्यानं बाकाची कड घट्ट धरली. चाळिसाव्या मिनिटाला गुंज बाहेर आली. कोपरापर्यंत खडू, कपाळावरही खडू.

"आत्या, चल ना," म्हणून ती जिना उतरायलाच लागली. "ऐक, त्यांनी काय विचारलं माहितीय? काचा बंद असलेली मोटार आहे. गाडी एकदम सुटली की आपण कुठे जातो?"

"मागे आपटतो. अगं, पण..."

"बरोबर. आणि गाडीच्या आत एक गॅसचा फुगा आहे, दोरीनं खाली बांधलेला, वर तरंगणारा. तो कुठे जाईल? मी म्हटलं मागे. चुकलं! तोंडावर पडले अगदी. मग म्हटलं, मला माहीत नाही, पण विचार करू का? तर त्यांनी खडूच दिला हातात. आणि त्या तिघांचं आपसातच जुंपलं, एक सर म्हणतात असं, दुसरे म्हणतात नाही, नाही, आणि मी मध्ये..."

एक मजला झाला, दुसरा निम्मा झाला. आत्यानं कठडा धरून तिचा दंड पकडला.

"गुंजे! घेतलं की नाही ते सांग आधी."

"अं? हो, घेतलं ना. ते त्या मध्येच म्हणाल्या, पत्र पाठवतो म्हणून. पण ऐक ना, फुगा मागे जात नाहीच..."

आत्या होती तिथंच पायरीवर बसली. वरून एक मुलगा पुस्तकं सांभाळत त्यांना वळसा घालून खाली गेला. गुंज दोन पायऱ्या खाली उभी होती, हातानं गाडी दाखवत, फुगा दाखवत, तिचं तोंड नुसतं उजळून गेलं होतं, आणि आत्याला भरून आलेलं तिच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

"मागे नाही?" आत्यानं पदरानं डोळे पुसत विचारलं. "मग जातो कुठे?"

"पुढे!"

"पुढे कसा जाईल? आपण सगळे मागे आणि फुगा तेवढा पुढे?"

"आपण मागे जातो, तशी गाडीतली हवासुद्धा मागे जाते. मग..." गुंज तिच्या शेजारी पायरीवर बसली. तिनं खडूनं भरलेलं बोट पुढच्या दगडी पायरीवर टेकवलं आणि एक चौकोन काढला. "हे बघ. ही गाडी."

आत्या चष्मा लावून वाकली.